सामायिक फोल्डरचे दार का उघडत नाही? — नाव व पासवर्ड यांतील विसंगतीचे निदान

विषयप्रवेश

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या चिकित्सालयांचे रूप पालटले आहे. पूर्वी रुग्णपत्रिका कपाटात राहत आणि औषधालयाकडे कागदाची चिठ्ठी जाई. आता देगलूरसारख्या तालुक्याच्या गावीही वैद्याच्या टेबलावर एक, नोंदणीच्या जागी एक आणि औषधालयाच्या काउंटरवर एक असे तीन संगणक असणे नवलाचे राहिलेले नाही. त्यांपैकी एकावर रुग्णनोंदी, औषधसाठा आणि बिले यांचा फोल्डर ठेवावयाचा व तो इतर दोघांना नेटवर्कवरून खुला करावयाचा, ही लहान चिकित्सालयांतील रूढ पद्धत होय. इतर संगणकांवर तो फोल्डर एखाद्या वेगळ्या ड्राइव्हसारखा दिसतो आणि काम सुरळीत चालते.

मग एके सकाळी त्या ड्राइव्हवर क्लिक केले असता नाव व पासवर्ड विचारणारी चौकट येते. नेहमीचा पासवर्ड टंकला तरी ‘यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे उत्तर मिळते. पुन्हा टंकला, पुन्हा तेच. बाहेर रुग्ण खोळंबलेले असतात. अशा वेळी बोलावलेला तंत्रज्ञ बहुधा दोनच गोष्टी करतो : संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो, अथवा फोल्डरवरील पासवर्डची अटच काढून टाकतो. पहिल्या उपायाने कधी गुण येतो, कधी येत नाही. दुसऱ्याने गुण हमखास येतो. पण तो लक्षण दाबून टाकण्याचा प्रकार आहे.

ही बाब वरवर तांत्रिक वाटली तरी तिचा संबंध थेट चिकित्सेशी आहे. देगलूर हे सीमेवरचे गाव. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे रुग्ण येथे येतात. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे अनेक रुग्ण नोंदीत असतात आणि एकाच रुग्णाचे नाव दोन प्रकारे लिहिलेलेही सापडते. अशा वेळी औषधालयास मूळ नोंद उघडता आली नाही, तर काउंटरवरील सहायक स्मरणावर विसंबून औषध देतो. भल्लातक, वत्सनाभ, विषमुष्टी किंवा जयपाल यांचे योग ज्या कपाटात आहेत, त्या कपाटासमोर स्मरणावर विसंबणे योग्य नव्हे. उलट, तोच फोल्डर सर्वांस मोकळा केला तर वंध्यत्व, मानसविकार, गुप्तविकार यांच्या नोंदी कोणाच्याही नजरेस पडू शकतात. लहान गावात सारे एकमेकांस ओळखतात. म्हणून येथे गोपनीयता शहरापेक्षा अधिक जपावी लागते.

प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, या तक्रारीचे निदान आपणांस स्वतः करता यावे आणि कुलूप न मोडता दार उघडावे. विवेचन विंडोज प्रणालीपुरते मर्यादित आहे. संगणकाच्या आज्ञा व खिडक्यांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती इंग्रजी अक्षरांत टंकावीत.

संप्राप्ति : दाराशी नेमके काय घडते

रोगाची संप्राप्ति कळल्यावाचून चिकित्सा आंधळी होते. येथेही तसेच आहे. ज्या संगणकावर फोल्डर आहे त्यास ‘मुख्य संगणक’ म्हणू आणि जो तो मागतो त्यास ‘मागणारा संगणक’ म्हणू.

मोठ्या संस्थांत सर्व कर्मचाऱ्यांच्या ओळखीची एकच मध्यवर्ती वही असते. आपल्या तीन संगणकांच्या मांडणीत तशी वही नसते. प्रत्येक संगणक आपापली वही बाळगतो आणि दुसऱ्याच्या वहीशी त्याचा काहीही संबंध नसतो. औषधालयाच्या संगणकावर आपण कोणत्या नावाने काम करतो, याच्याशी मुख्य संगणकास कर्तव्य नाही. त्याच्या स्वतःच्या वहीत ते नाव आहे काय आणि त्यापुढील पासवर्ड जुळतो काय, एवढेच तो पाहतो. ‘माझा पासवर्ड तर बरोबर आहे’ असे सहायक म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो पासवर्ड त्याच्या संगणकासाठी बरोबर असतो, मुख्य संगणकासाठी नव्हे. या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

आपण ड्राइव्हवर क्लिक करतो तेव्हा मागणारा संगणक आपणांस काही न विचारता प्रथम साठवून ठेवलेली ओळख शोधतो. ती असेल तर तीच पुढे करतो. नसेल तर आपण सध्या ज्या नावाने आत आलो आहोत तीच ओळख देऊन पाहतो. दोन्ही संगणकांवर नाव व पासवर्ड योगायोगाने वा हेतुतः सारखे असतील तर दार निमूट उघडते आणि आत कोणती तपासणी झाली हे आपणांस कळतही नाही. म्हणूनच एका संगणकाचा पासवर्ड बदलला की दुसऱ्यावरील काम अकस्मात बंद पडते, आणि या दोन घटनांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा पाठविला जात नाही. मुख्य संगणक एक प्रश्नांक पाठवितो आणि पासवर्डच्या आधारे काढलेले उत्तर मागवितो. उत्तर जुळले नाही तर नाव चुकले की पासवर्ड, हे तो सहसा सांगत नाही. परक्यास ‘हे नाव आमच्या वहीत आहे’ एवढेही कळू नये, हा त्यामागील उद्देश. आपल्याला मात्र त्यामुळे निदान अवघड वाटते.

रूप : कोणता संदेश काय सांगतो

चौकटीतील शब्द पुष्कळदा मोघम असतात. त्याऐवजी ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘नेट यूज’ ही आज्ञा, त्यापुढे ड्राइव्हचे अक्षर व फोल्डरचा पत्ता टंकल्यास त्रुटीचा क्रमांक मिळतो. क्रमांक हे या व्याधीचे खरे रूप होय. नेहमी आढळणारे क्रमांक असे :

५३ — नेटवर्कवर तो पत्ताच सापडत नाही. ही पासवर्डची तक्रार नव्हे. मुख्य संगणक बंद वा झोपलेला असणे, केबल निघालेली असणे, नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेल्याने फायरवॉलने वाट अडविणे, ही कारणे पाहावीत.

१३२६ — यूजरनेम किंवा पासवर्ड जुळत नाही.

८६ — दिलेला नेटवर्क पासवर्ड बरोबर नाही.

१२१९ — त्याच मुख्य संगणकाशी आधीच दुसऱ्या नावाने जोडणी चालू आहे.

१३२७ — खात्यावरील निर्बंधामुळे प्रवेश नाही. बहुधा पासवर्ड रिकामा असतो.

१३३० — खात्याच्या पासवर्डची मुदत संपली आहे.

१९०९ — वारंवार चुकीच्या प्रयत्नांमुळे खाते काही काळ कुलूपबंद झाले आहे.

५ — ओळख पटली, पण या फोल्डरात येण्याचा अधिकार नाही.

यांतील ५३ आणि ५ यांचा भेद विशेष महत्त्वाचा. पहिल्यात आपण दारापर्यंत पोहोचलेलोच नसतो. दुसऱ्यात द्वारपालाने ओळखलेले असते, परंतु आतील खोलीची परवानगी नसते. या दोन्हीत पासवर्ड बदलणे व्यर्थ आहे; उलट चालू असलेले दुसरे काम त्यामुळे बिघडते.

हेतू आणि त्यांची चिकित्सा

१. पिनला पासवर्ड समजणे. हल्ली संगणक सुरू करताना चार-सहा अंकांचा पिन किंवा बोटाचा ठसा वापरतात. हा पिन त्याच यंत्रापुरता असतो; नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर तो चालत नाही. सहायकास रोजच्या सवयीने पिन हाच पासवर्ड वाटतो आणि खरा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. उपाय : नेटवर्कच्या चौकटीत खात्याचा पूर्ण पासवर्डच द्यावा.

२. मायक्रोसॉफ्ट खाते आणि स्थानिक खाते यांतील घोटाळा. नवा संगणक सुरू करताना ईमेलचा पत्ता देऊन खाते उघडले असेल तर त्या खात्याचे नाव म्हणजे तो संपूर्ण ईमेल पत्ता होय. अशा वेळी ‘यूजर्स’ फोल्डरात ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचे नाव दिसते. पुष्कळ जण तेच यूजरनेम समजून टंकतात. शिवाय या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे मोबाइलवरून बदलला आणि मुख्य संगणकावर मात्र सदैव पिननेच प्रवेश केला, तर मुख्य संगणकास नवा पासवर्ड ठाऊक नसण्याचा संभव असतो. एकदा पासवर्ड टंकून प्रवेश केल्यास हा दोष जातो. तथापि, सामायिक फोल्डरसाठी स्वतंत्र स्थानिक खाते उघडणे हाच स्वच्छ मार्ग; त्याची रीत पुढे दिली आहे.

३. साठवलेला जुना पासवर्ड. ‘लक्षात ठेवा’ या चौकोनात एकदा खूण केली की संगणक तो पासवर्ड जपून ठेवतो आणि आपण बदलल्यावरही जुनाच पुढे करीत राहतो. उपाय : कंट्रोल पॅनेलमधील ‘यूजर अकाउंट्स’, तेथून ‘क्रेडेन्शिअल मॅनेजर’, तेथून ‘विंडोज क्रेडेन्शिअल्स’ येथे जावे. मुख्य संगणकाच्या नावापुढील नोंद काढून टाकावी आणि नव्याने जोडणी करावी. ही नोंद संगणकाच्या नावावर अथवा अंकी पत्त्यावर बांधलेली असते. म्हणून मुख्य संगणकाचे नाव बदलले किंवा राउटरने त्याचा अंकी पत्ता बदलला तरी ती निरुपयोगी ठरते.

४. नावापुढे संगणकाचे नाव न लावणे. नुसते ‘औषधालय’ असे यूजरनेम दिल्यास ते कोणत्या संगणकाच्या वहीतील, हा संदिग्ध प्रश्न राहतो आणि मागणारा संगणक ते स्वतःच्याच नावाने पाठवू शकतो. पासवर्डच्या चौकटीखाली ‘डोमेन’ म्हणून कोणते नाव दिसते ते पाहावे. तेथे स्वतःच्याच संगणकाचे नाव असेल तर दोष उमगला. उपाय : प्रथम मुख्य संगणकाचे नाव, मग डावीकडे कललेली तिरकी रेघ, मग यूजरनेम, असे पूर्ण टंकावे. मुख्य संगणकावर ‘हू अ‍ॅम आय’ ही आज्ञा, मधील जागा न सोडता, टंकल्यास त्यावर सध्या चालू असलेल्या खात्याचे पूर्ण नाव नेमके याच स्वरूपात दिसते.

५. एकाच वेळी दोन नावे. सकाळी नोंदणीच्या नावाने जोडणी झाली आणि दुपारी त्याच संगणकावरून औषधालयाच्या नावाने दुसरा फोल्डर उघडू पाहिला, तर विंडोज नकार देते. एका मुख्य संगणकाशी एका वेळी एकाच ओळखीने बोलावे, असा तिचा नियम आहे. येथे नवा पासवर्ड कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. उपाय : ‘नेट यूज’ टंकून चालू जोडण्यांची यादी पाहावी, जुनी जोडणी ‘डिलीट’ जोडून तोडावी व मग नवी करावी. संगणक पुन्हा सुरू केल्याने कधी कधी गुण येतो तो याच कारणाने. जुनी जोडणी तुटते, एवढेच.

६. रिकामा पासवर्ड. सोयीसाठी काही ठिकाणी मुख्य संगणकाच्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसतो. असे खाते त्या संगणकासमोर बसून वापरता येते. नेटवर्कवरून मात्र विंडोज ते स्वीकारत नाही. हा दोष नसून संरक्षण आहे. उपाय : पासवर्ड ठेवावा. निर्बंध उठविण्याच्या भानगडीत पडू नये.

७. पाहुण्याचा दरवाजा बंद होणे. पूर्वी नाव न जुळल्यास काही उपकरणे मागणाऱ्यास ‘गेस्ट’ म्हणून आत घेत. राउटरला लावलेली डिस्क वा जुने साठवण-उपकरण यांत ही पद्धत आजही आढळते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणकही असा प्रवेश मूलतः नाकारतात आणि जोडणीवर अंकीय सहीची सक्ती करतात. त्यामुळे संगणक अद्ययावत होताच वर्षानुवर्षे चाललेला फोल्डर बंद पडतो. ‘आपल्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ अशा अर्थाचा संदेश येतो तेव्हा ‘आमची तर काही संस्थाच नाही’ म्हणून वैद्य गोंधळतात. उपाय : त्या उपकरणावर नाव व पासवर्डासह खाते उघडावे. ते शक्य नसेल तर उपकरण बदलावे.

८. पासवर्डची मुदत. काही तंत्रज्ञ ‘नेट यूजर’ या आज्ञेने खाते उघडतात. अशा खात्याचा पासवर्ड, वेगळे काही न सांगितल्यास, ४२ दिवसांनी कालबाह्य होतो. तंत्रज्ञ येऊन गेला, सारे चालू झाले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बंद पडले, असा इतिहास असेल तर हे कारण प्रथम तपासावे.

९. जुळे संगणक. हे कारण नवे असून फसवे आहे. विक्रेता एका संगणकावर सर्व प्रणाली बसवितो आणि त्या डिस्कची नक्कल दुसऱ्या-तिसऱ्यावर उतरवितो. अशा संगणकांचा अंतर्गत सुरक्षा-ओळखक्रमांक, ज्यास एसआयडी म्हणतात, एकच राहतो. पूर्वी त्याने काही बिघडत नसे. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अद्ययावतांनंतर मात्र विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या हा क्रमांक तपासतात आणि दोन्हीकडे सारखा आढळल्यास बरोबर नाव व बरोबर पासवर्ड असूनही प्रवेश नाकारतात. परीक्षण : दोन्ही संगणकांवर ‘हू अ‍ॅम आय’ या आज्ञेपुढे ‘यूजर’ हा पर्याय जोडून येणारा लांब क्रमांक पाहावा. शेवटचा गट सोडून उरलेला भाग दोन्हीकडे तंतोतंत एकच असेल तर संगणक जुळे आहेत. उपाय : एका संगणकावर विंडोज पुन्हा रीतसर बसवून घ्यावे. खरेदी करतानाच विक्रेत्यास हा प्रश्न विचारणे अधिक श्रेयस्कर.

१०. कळफलकाची भाषा. आपल्याकडे मराठी, क्वचित तेलुगू कळफलकही चालू असतो. पासवर्ड टंकताना फक्त ठिपके दिसतात. त्याखाली भलतीच अक्षरे उमटली तरी कळत नाही. यूजरनेममध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानला जात नाही, पासवर्डमध्ये मानला जातो. उपाय : चौकटीतील डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून पासवर्ड प्रत्यक्ष पाहावा, आणि खात्यांची नावे इंग्रजी अक्षरांतच ठेवावीत.

परीक्षणाचा क्रम

नाडी पाहण्याआधी औषध ठरवीत नाहीत. म्हणून पुढील क्रम सोडू नये.

प्रथम, मुख्य संगणक चालू आहे व नेटवर्कवर दिसतो हे पाहावे. दुसरे, तक्रार एकाच मागणाऱ्या संगणकावर आहे की सर्वांवर, हे तपासावे. एकावरच असेल तर दोष त्या संगणकात, म्हणजे साठवलेला पासवर्ड, चालू असलेली जुनी जोडणी किंवा कळफलक यांत शोधावा. सर्वांवर असेल तर मुख्य संगणकावरील खाते, मुदत किंवा अद्ययावत यांत शोधावा. एवढ्या एका प्रश्नाने निम्मे निदान होते. तिसरे, काल ते आज काय बदलले, हे सर्व सहायकांना विचारावे : कोणी पासवर्ड बदलला, नवा राउटर लावला, रात्रीत अद्ययावत झाले काय?

चौथे, त्रुटीचा क्रमांक मिळवून लिहून ठेवावा. पाचवे, साठवलेली नोंद काढून व जुन्या जोडण्या तोडून, पूर्ण नावासह एकदाच शांतपणे प्रयत्न करावा. वारंवार प्रयत्न करू नयेत. विंडोज ११ च्या २०२२ नंतरच्या नव्या मांडणीत दहा मिनिटांत दहा चुकीचे प्रयत्न झाल्यास खाते दहा मिनिटे कुलूपबंद होते. आणि जुना पासवर्ड साठवलेला संगणक असे प्रयत्न आपल्या नकळत करीत असतो.

सहावे, एवढ्याने उलगडा न झाल्यास मुख्य संगणकावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ मधील ‘सिक्युरिटी’ या नोंदवहीत ४६२५ क्रमांकाची घटना शोधावी. अयशस्वी प्रवेशांची नोंद चालू असेल तर तेथे द्वारपालाचे खरे उत्तर सापडते. उप-स्थितीच्या संकेताची शेवटची दोन चिन्हे ६४ असतील तर ते नावच वहीत नाही; ६ए असतील तर नाव आहे पण पासवर्ड चुकीचा; ७२ असतील तर खाते बंद केलेले आहे; २३४ असे शेवटचे तीन अंक असतील तर खाते कुलूपबंद आहे. मागणाऱ्याला जे सांगितले जात नाही ते घरमालकाला येथे वाचावयास मिळते.

अपथ्य : काय करू नये

‘पासवर्ड-संरक्षित शेअरिंग’ बंद करणे आणि फोल्डरवर ‘एव्हरीवन’ या नावास संपूर्ण अधिकार देणे, हे दोन उपाय घाईत सर्रास केले जातात. अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्यांची औषधे ठेवण्याच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून आपण कपाटाचे दारच काढून ठेवत नाही. रुग्णनोंदींच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले जाते. चिकित्सालयाचे वायफाय प्रतीक्षागृहातील रुग्णांनाही दिलेले असेल तर तो फोल्डर कोणाच्याही मोबाइलच्या आवाक्यात येतो.

तिसरे अपथ्य म्हणजे जुन्या बिलिंग प्रणालीसाठी ‘एसएमबी १’ ही कालबाह्य पद्धत पुन्हा सुरू करणे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला तो याच पद्धतीतील छिद्रातून. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ चा तडाखा आपल्या महाराष्ट्रालाही बसला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणकीय काम ठप्प झाले. या दुसऱ्या प्रणालीचे वैशिष्ट्य आपल्या विषयाशी निगडित आहे. ती केवळ छिद्रातून शिरत नसे. बाधित संगणकाच्या स्मृतीतून नाव व पासवर्ड चोरून त्यांच्याच बळावर शेजारच्या संगणकांत जात असे. ज्या जाळ्यात एकच प्रशासक-पासवर्ड सर्वत्र चालतो, तेथे एक संगणक पडला की सारे पडतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच खंडणीखोर हल्ला झाला आणि तेथील नोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. मोठ्या संस्थेकडे मनुष्यबळ असते. आपल्याकडे दोन सहायक असतात.

म्हणून ‘सगळीकडे एकच नाव, एकच पासवर्ड’ हा सुटसुटीत वाटणारा उपाय प्रशासक-खात्यास कदापि लावू नये.

विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही लक्षात असावे. अशा संगणकावर रुग्णनोंदींचा मुख्य फोल्डर ठेवू नये.

पथ्य : निदानपरिवर्जन

हेतू टाळणे हीच श्रेष्ठ चिकित्सा. त्यासाठी एका दुपारचे काम पुरेसे आहे.

मुख्य संगणकावर प्रत्येक कामासाठी एक याप्रमाणे स्थानिक, सामान्य दर्जाची खाती उघडावीत. उदाहरणार्थ नोंदणीसाठी एक, औषधालयासाठी एक. ‘सेटिंग्ज’ मधील ‘अकाउंट्स’ व तेथील ‘अदर यूजर्स’ येथे मायक्रोसॉफ्ट खात्याविना वापरकर्ता जोडण्याचा पर्याय मिळतो. फोल्डरवर दोन ठिकाणी अधिकार द्यावे लागतात : एक ‘शेअरिंग’ मध्ये आणि दुसरा ‘सिक्युरिटी’ मध्ये. नेटवर्कवरून येणाऱ्यास या दोहोंपैकी जो संकुचित तोच लागू होतो. औषधालयास रुग्णनोंदी केवळ वाचण्याचा आणि साठ्याच्या वहीत लिहिण्याचा अधिकार पुरे. तपासणीच्या टिपणांचा फोल्डर वैद्याच्या खात्यापुरताच ठेवावा.

मागणाऱ्या संगणकावर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करताना ‘वेगळी ओळख वापरून जोडा’ या अर्थाच्या चौकोनात खूण करावी आणि मुख्य संगणकाच्या नावासह पूर्ण यूजरनेम द्यावे. मग सहायक आपल्या संगणकावर कोणत्याही नावाने वा पिनने येवो, फोल्डरची ओळख स्वतंत्र राहते आणि एकाचा बदल दुसऱ्यास बाधत नाही. मुख्य संगणकाचे नाव पुन्हा बदलू नये व राउटरमध्ये त्याचा अंकी पत्ता राखून ठेवावा. भारनियमनाच्या आपल्या भागात मुख्य संगणकास व राउटरला एकाच यूपीएसवर ठेवल्यास ५३ क्रमांकाची तक्रार बरीच कमी होते.

पासवर्ड काउंटरच्या काचेखाली चिकटवू नये. खात्याचे नाव, ते कोणत्या कामासाठी, पासवर्ड केव्हा बदलला, एवढी नोंद वहीत. आणि प्रत्यक्ष पासवर्ड बंद पाकिटात, वैद्याच्या कपाटात. सहायक नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्या खात्याचा पासवर्ड बदलावा आणि लगोलग संबंधित संगणकावरील साठवलेली नोंदही बदलावी. ही दोन कामे एकत्र केली तर दुसऱ्या सकाळची तक्रार उद्भवतच नाही. नोंदींची प्रत दर आठवड्यास बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून वेगळी काढून ठेवावी.

यास आता कायद्याचीही जोड आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या आहेत. ज्याच्या हाती इतरांची वैयक्तिक माहिती आहे त्याने ती जपण्यासाठी वाजवी सुरक्षा-उपाय योजावेत, अशी अपेक्षा या अधिनियमात आहे आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान चिकित्सालयाने या आकड्याने घाबरून जाऊ नये. परंतु ‘पासवर्डचा त्रास होत होता म्हणून काढून टाकला’ हे उत्तर कोणत्याही चौकशीत टिकणारे नाही, एवढे ओळखावे.

उपसंहार

नाव व पासवर्ड न जुळणे हा बहुतेक वेळा यंत्राचा बिघाड नसतो. दोन संगणकांच्या दोन वह्यांत एकाच माणसाविषयी दोन वेगळ्या नोंदी झालेल्या असतात, इतकेच. त्या वह्या समोरासमोर ठेवून पाहिल्या की विसंगती सापडते आणि योग्य जागी एक नोंद दुरुस्त केली की दार उघडते. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पूर्वी आपल्या कपाटात सुरक्षित होती. ती आता डिस्कवर गेली म्हणून आपली जबाबदारी हलकी झालेली नाही. वैद्यबंधु-भगिनींनी व औषधालयचालकांनी वरील त्रुटी-क्रमांकांची यादी आणि परीक्षणाचा क्रम उतरवून मुख्य संगणकाजवळ लावावा आणि तंत्रज्ञ आला असता ‘पासवर्ड न काढता दुरुस्त करा’ असे त्यास आवर्जून सांगावे.